म्हाताऱ्या घोड्यांचे घर

घोडा आता आपल्याला तीन-चार ठिकाणीच दिसतो. वरातीत दिसतो, जत्रेत दिसतो, वीटभट्टीवर दिसतो. वयाने मोठ्या असलेल्या मंडळींना टांग्याचा घोडाही आठवत असेल. वरातीच्या घोड्याच्या अंगावर झूल असते. गळ्यात घुंगुरमाळ असते. पोरे त्याच्यामागे धावतात. पण लग्नसराई संपली म्हणजे त्या घोड्याला चंदी कोण देतो? तो लंगडा झाला, आंधळा झाला, म्हातारा झाला, तर तो कुठे जातो? या पाठात आम्ही हाच प्रश्न घेतला आहे.

हा प्रश्न एका इंग्रज बाईने कैरो शहरात विचारला होता. कैरो ही इजिप्त देशाची राजधानी. इजिप्तला आपण मिसर देशही म्हणतो. त्या बाईंची हकीकत आधी वाचा. मग आपल्याकडचे बोलू.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. त्या काळी तोफा ओढायला घोडे, रसद वाहायला घोडे, आणि स्वारांना बसायलाही घोडेच लागत. इंग्रजांची मोठी फौज इजिप्तमध्ये होती. तिच्यासाठी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा लांबलांबच्या देशांतून जहाजे भरून घोडे आणले होते. ही फौज पुढे पॅलेस्टाइनच्या वाळवंटात लढली. आपल्याकडची जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांची घोडदळेही तिच्यात होती. त्यांनी २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहर जिंकले. दिल्लीत तीन मूर्तींचे स्मारक आहे, ते या मोहिमेत लढलेल्या आपल्या स्वारांचेच. वाळवंटात पाण्याचे हाल किती, ते काय सांगावे! १९१७ साली बीरशेबाच्या लढाईच्या वेळी काही घोड्यांना दीड-दोन दिवस पाण्याचा थेंब मिळाला नव्हता. तरी ते धावले.

१९१८ साली लढाई थांबली. सैनिक जहाजात बसून आपापल्या घरी गेले. घोडे मात्र गेले नाहीत. जहाजे अपुरी होती. खर्च मोठा होता. शिवाय परदेशातून आलेल्या जनावरांबरोबर रोग येतील, अशी भीती होती. ऑस्ट्रेलियातून १ लाख ३६ हजार घोडे बाहेर गेले होते. त्यांपैकी मायदेशी परत आला फक्त एक. त्याचे नाव सँडी. तो एका सेनापतीचा घोडा होता. बाकीचे लढाईत मेले, काही दुसऱ्या फौजांना दिले, आणि हजारो घोडे तिथल्या तिथे बाजारात विकून टाकले.

ते कोणी घेतले? कैरोतल्या गाडीवानांनी घेतले. दगडाच्या खाणीवाल्यांनी घेतले. काल तोफ ओढणारा घोडा आज दगड ओढू लागला. एकाने वापरला, तो दमला, मग दुसऱ्याला कमी किमतीत विकला. दुसऱ्याने तिसऱ्याला विकला. घोडा जसा जसा म्हातारा होत गेला, तसा तसा तो अधिक गरीब मालकाकडे गेला. अधिक जड कामाला लागला. हे नीट लक्षात ठेवा, कारण आपल्याकडेही असेच घडते.

१९३० साली डोरोथी ब्रूक नावाच्या बाई कैरोला राहायला आल्या. त्यांचे यजमान इंग्रज घोडदळातले मोठे अधिकारी होते. बाईंना घोड्यांची पारख होती. लढाई संपून बारा वर्षे झाली होती. एवढ्या वर्षांनी फौजेतला एखादा तरी घोडा जिवंत असेल काय, म्हणून त्या शोधू लागल्या. फौजेच्या घोड्याच्या अंगावर बाणाचा डाग दिलेला असे. त्यावरून तो ओळखता येई. त्यांना पहिला म्हातारा घोडा दिसला, त्याला पुढे 'ओल्ड बिल' म्हणू लागले. आपल्या भाषेत 'म्हातारबा' म्हणा. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी त्याची दशा होती. तो बरा होण्यासारखा राहिला नव्हता. बाईंनी त्याला मालकाकडून विकत घेतले, आणि मग त्याला वेदना न होता मरण दिले.

पुढे त्यांना असे घोडे शेकड्यांनी दिसू लागले. एकटीच्या पैशाने काय होणार? मग बाईंनी एक पत्र लिहिले. इंग्लंडमध्ये 'मॉर्निंग पोस्ट' नावाचे वर्तमानपत्र निघत असे. त्यात १९३१ च्या एप्रिल महिन्यात ते पत्र छापून आले. ज्या घोड्यांनी तुमच्यासाठी लढाई केली ते इथे कोणत्या हालात आहेत, एवढेच त्यांनी साध्या शब्दांत लिहिले होते. लोकांनी पत्र वाचले आणि पैसे पाठवले. बाईंनी कैरोत एक समिती केली. पुढच्या तीन वर्षांत या समितीने सुमारे ५ हजार घोडे विकत घेतले.

इथे दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट मालकाची. ब्रूकबाईंनी घोडे फुकट ओढून नेले नाहीत. त्यांनी पाहिले, की घोड्याइतकाच त्याचा मालकही उपाशी आहे. घोड्याच्या कमाईवर त्याची चूल पेटते. म्हणून त्या घोड्याची किंमत देत. मालक त्या पैशातून धडधाकट जनावर घेऊ शके. गाडीवानाला चार शिव्या देऊन घोडा सुटत नाही. हे त्यांना कळले होते, आणि आमच्या मते त्यांच्या कामाचे मोठेपण यातच आहे.

दुसरी गोष्ट जरा कठीण आहे. या ५ हजारांपैकी बहुतेक घोडे फार दिवस जगवले नाहीत. १९१८ साली जो घोडा चार वर्षांचा होता, तो १९३० साली सोळा वर्षांचा झाला. त्याहून लहान त्यांच्यात कोणी असणेच शक्य नव्हते. पुष्कळ वीस वर्षांच्या पुढचे होते. कोणाचे डोळे गेले होते, कोणाच्या गुडघ्यांत वाक राहिला नव्हता. अशा घोड्यांना बाईंच्या तबेल्यात आणत. खाली भुशाचा जाड बिछाना असे. गव्हाणीत हिरवागार बरसीम असे. हे गवत आता आपल्याकडेही चाऱ्यासाठी लावतात. ते मूळचे त्याच मुलखातले. दगडावर उभे राहून आयुष्य काढलेले घोडे त्या मऊ भुशावर पाय ठेवायला आधी बिचकत. मग कोणी गव्हाणीकडे जाई, कोणी हळूहळू अंग टाकून आडवा होई. थोडे दिवस असे सुखाचे गेले, की त्यांना शांतपणे मरण देत.

आपल्याकडे हे ऐकून पुष्कळ जण कानांवर हात ठेवतील. "मारायचाच होता तर विकत कशाला घेतला?" असे विचारतील. प्रश्न खोटा नाही. आपल्याकडे पांजरपोळाची जुनी चाल आहे. थकलेले जनावर तिथे मरेपर्यंत सांभाळायचे, ही भावना चांगलीच आहे. पण बाईंपुढचा हिशोब पाहा. घोडा परत विकला तर तो पुन्हा खाणीवर जाणार. ठेवून घेतला तर ५ हजार घोड्यांना त्या वाळवंटात चारा, पाणी, जागा आणि माणसे कुठून आणायची? आणि ज्याला उभे राहताना वेदना होतात, त्याला उभे ठेवणे ही दया कशी म्हणावी? आम्हांला वाटते, बाईंनी केले ते बरोबर केले. तुम्हांला तसे वाटणार नाही कदाचित. वर्गात यावर जरूर बोला. आपला १९६० चा प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचा कायदाही मानतो, की जनावर इतके जायबंदी असेल की त्याला जिवंत ठेवणे हीच क्रूरता, तर त्याचा अंत करता येतो. मात्र ते कोणीही उठून ठरवायचे नाही. त्यासाठी जनावरांच्या डॉक्टरचे मत लागते.

लढाईतले घोडे संपत आले. पण कैरोतल्या गाड्या चालूच होत्या. नवे घोडे, गाढवे, खेचरे त्याच वाटेने जात होती. तेव्हा बाईंनी दुसरा विचार केला. १९३४ साली त्यांनी कैरोत जनावरांचा दवाखाना काढला. गरीब मालकाने आपले जनावर तिथे आणावे, फुकट उपचार करून घ्यावा आणि बरे झाले की परत न्यावे. म्हणजे घोडा विकत घेण्याचे कारण उरले नाही. घोड्याचे घर बदलायचे नाही, त्याच घरात त्याला सुखाने राहता यावे असे करायचे. पांगळा होईपर्यंत थांबण्यापेक्षा खुरात खडा रुतला तेव्हाच तो काढणे सोपे, स्वस्त आणि शहाणपणाचे. ब्रूकबाई १९५५ साली कैरोतच वारल्या. त्यांच्या नावाची संस्था आज अनेक देशांत काम करते. आपल्या देशातही तिची शाखा वीटभट्टीवरच्या घोड्या-खेचरांसाठी आणि त्यांच्या मालकांसाठी काम करते.

आता आपल्याकडे या.

मुंबईत घोड्यांच्या व्हिक्टोरिया गाड्या होत्या. पाहुणे मंडळी समुद्राकाठी हौसेने फेरी मारत. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या हौसेच्या गाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या वर्षभरात बंद करण्यास सांगितले. २०२१ साली तशाच दिसणाऱ्या, पण विजेवर चालणाऱ्या गाड्या मुंबईत आल्या. गाडीला वीज मिळाली, ठीक झाले. पण गाडीवानाने पोट कसे भरावे आणि त्याच्या घोड्याने कुठे जावे? गाडी बंद होते तेव्हा हे दोन्ही प्रश्न एकदम उभे राहतात, आणि एकाला सोडून दुसरा सुटत नाही. माथेरानात पाहा. तिथे डोंगरावर मोटारगाड्यांना बंदी आहे. तिथे घोडा माणसे नेतो, सामान नेतो. त्या घोड्याची निगा राखली तर त्याला तिथेच घर आहे.

कोणी मालक काय करतो? घोडा लंगडा झाला की रात्री नेऊन हमरस्त्यावर सोडून देतो. "गेला तर गेला, कोणी सांभाळील." हा गुन्हा आहे. १९६० च्या कायद्यात पाळलेले जनावर मोकाट सोडून देणे, त्याला पुरेसे अन्नपाणी व निवारा न देणे, आजारी किंवा जखमी जनावराला कामाला जुंपणे, हे सगळे गुन्हे म्हणून लिहिले आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये लिहिला. त्या वेळी ५० रुपये मोठे होते. आता ५० रुपयांत घोड्याची एक दिवसाची चंदीही येत नाही. तरी पोलिसांत वर्दी देता येते, आणि मालकाला शिक्षा झाली तर न्यायालय ते जनावर त्याच्याकडून काढूनही घेऊ शकते.

समजा, असा एक उपाशी घोडा तुमच्या गावच्या शिवारात आला. हाडांवर नुसते कातडे राहिले आहे. तुम्ही काय कराल? मन चांगले असलेला माणूस आधी धावत घरात जाईल आणि पाटीभर हरभरा, गूळ, भाकरी, जे असेल ते पुढे ठेवील. घोडा अधाशासारखा खाईल. आणि तीन ते दहा दिवसांत कदाचित मरेल. मग लोक म्हणतील, "एवढे खाऊ घातले, तरी त्याचे दिवस भरले होते!" दिवस भरले नव्हते. ते धान्यच त्याला बाधले. उपासमारीत शरीरातले क्षार संपत आलेले असतात. धान्य आणि गूळ एकदम पोटात गेले, की रक्तात उरलेसुरले क्षारही शरीर ओढून घेते. मग हृदय बंद पडते.

म्हणून पहिले दहा दिवस धान्य नाही, गूळ नाही, भाकरी नाही. वाळलेला लसूणघास मिळाला तर उत्तम. तो पहिले तीन दिवस अर्धा अर्धा किलो, दर चार तासांनी द्यावा. रात्रीही उठावे लागते बरं का. तट्टू लहान असेल तर त्याहून कमी. चौथ्या दिवसापासून थोडे थोडे वाढवावे, आणि खेपा हळूहळू कमी कराव्यात. स्वच्छ पाणी मात्र सदा पुढे असावे. पहिल्याच दिवशी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात निरोप पाठवावा. धनुर्वाताचे इंजेक्शन घोड्याला फार जरुरीचे, कारण हा रोग त्याला चटकन होतो. जंतांचे औषध कधी द्यायचे, ते डॉक्टर सांगतील. अगदी अशक्त घोड्याला ते लगेच देऊ नये. वाढलेले खूर नालबंदाकडून दोन-तीन वेळा करून थोडे थोडे कापून घ्यावेत. एकदम कापले तर पाय दुखतो. खोगिराच्या किंवा जुंपणीच्या जखमा उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवाव्यात. जखम भरून कातडी धरेपर्यंत तिच्यावर काही बांधू नये, चढवू नये. तापलेल्या लोखंडाने डाग देऊ नका. डाग दिल्याने लंगडेपणा जात नाही, एका दुखण्याची दोन दुखणी होतात.

आणखी एक. नवा घोडा आपल्या घोड्याशेजारी लगेच बांधू नका. घोड्याला ग्लँडर्स नावाचा रोग होतो. नाकातून घट्ट स्राव येतो, अंगावर गाठी येऊन फुटतात. हा रोग माणसालाही लागतो. रक्त तपासून घ्यावे, आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत घोडा वेगळा ठेवावा. त्याची बादली, खराराही वेगळा.

इतके नीट केले तरी वाळलेला घोडा पूर्ण भरून यायला सहा ते दहा महिने लागतात. तोवर गावातल्या लोकांचा उत्साह ओसरलेला असतो. पहिल्या आठवड्यात चारा घेऊन दहा जण येतात. दुसऱ्या महिन्यात एकच उरतो. म्हणून त्याला घर शोधायचे ते तेव्हापासूनच शोधायला लागावे.

घर म्हणजे काय, ते आकड्यांत पाहू. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. तुमच्याकडे आलेला घोडा पंधरा वर्षांचा आहे असे धरू. वय दातांवरून कळते. म्हणजे आणखी दहा वर्षे तरी त्याला सांभाळायचे. ३०० किलो वजनाच्या तट्टाला दिवसाला सुमारे ५ किलो वाळलेला चारा लागतो. ३६५ दिवसांचे झाले १,८२५ किलो, म्हणजे सव्वाअठरा क्विंटल. दहा वर्षांचे झाले साडेब्याऐंशीवर आणखी शंभर, म्हणजे १८२ क्विंटल ५० किलो. हा आकडा पाटीवर लिहून घर देणाऱ्यापुढे ठेवा. शिवाय रोज २५ ते ४० लिटर पाणी. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद. वर्षातून एकदा दात पाहणे, कारण म्हाताऱ्या घोड्याच्या दाढांना कंगोरे येतात आणि त्याला चारा चावता येत नाही. आणि सोबत. घोडा हा कळपाचा प्राणी. एकटा बांधला तर झुरतो. दुसरा घोडा नसला तर गाढव चालते, शेळी चालते.

आकडा पाहून माणूस मागे सरला तर वाईट वाटून घेऊ नका. आता मागे सरला हे बरेच झाले. दोन वर्षांनी घोडा बाजारात उभा करण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. जो म्हणेल "माझ्यानंतर माझा मुलगा पाहील", त्याच्या मुलालाही एकदा समोर बसवून विचारा. घर पाहायला स्वतः जा. गोठ्याला छप्पर आहे का, पावसात पाणी साचते का, आसपास जनावरांचा दवाखाना किती कोसांवर आहे, ते पाहा. तिथे आधीची जनावरे असतील तर त्यांच्या अंगाकडे पाहा. त्यांच्याकडे पाहिले की मालकाला काही विचारावे लागत नाही.

घोडा देताना तोंडी बोलीवर देऊ नका. आता तुम्हांला लिहिता येते. चिठ्ठी लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, एक प्रत आपल्याकडे ठेवा. चिठ्ठी कशी असावी, त्याचा नमुना खाली दिला आहे. तो वहीत उतरवून काढा. रिकाम्या जागी आपल्या मनाने नावे घाला.

घोडा सांभाळण्यास घेतल्याची चिठ्ठी

मी ................, राहणार मौजे ................, तालुका ................, आज तारीख ............ रोजी एक घोडी सांभाळण्यासाठी घेतली आहे. रंग तांबडा. कपाळावर पांढरा टिक्का. डावा मागचा पाय पांढरा. वय दातांवरून सुमारे १५ वर्षे. उजव्या डोळ्याने दिसत नाही.

ही घोडी मी विकणार नाही, भाड्याने देणार नाही, वरातीला किंवा शर्यतीला नेणार नाही. तिला गाडीला जुंपणार नाही. तिला रोज पुरेसा चारा-पाणी व निवारा देईन. ती आजारी पडल्यास डॉक्टरला दाखवीन आणि देणाऱ्यास त्याच दिवशी कळवीन. देणाऱ्याने केव्हाही येऊन घोडी पाहावी, मी हरकत घेणार नाही. मला तिला सांभाळणे जमले नाही, तर मी तिला दुसऱ्या कोणाला न देता देणाऱ्याकडेच परत आणून देईन. माझ्या पश्चात माझा मुलगा ................ या चिठ्ठीप्रमाणे वागेल. त्याला चिठ्ठी वाचून दाखवली आहे.

घेणाऱ्याची सही ................
मुलाची सही ................
देणाऱ्याची सही ................
साक्षीदार १ ................
साक्षीदार २ ................